विमानाच्या पंखावर घरासारखा माळा का चढवतात

रविवारी संध्याकाळी बेळगावच्या सांबरा विमानतळाशी जाऊन कुंपणाबाहेर विमानं बघत उभं राहायचं, हा आमच्या घरचा जुना कार्यक्रम. तिकीट लागत नाही, भाजलेलं कणीस मिळतं आणि पोरं तासभर मोबाईल मागत नाहीत. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बहिणीच्या मुलाला घेऊन गेलो होतो. आधी पंख्याचं विमान उतरलं, एटीआर. थोड्या वेळाने इंडिगोची एअरबस आली. ती धावपट्टीच्या टोकाशी वळली तसा हा कणीस खायचा थांबला आणि म्हणाला, “ओ मामा, ह्याच्या पंखाचं टोक मोडलंय काय?”

मोडलं नव्हतं. पण लांबून बघणाऱ्याला तसंच वाटतं. सरळ गेलेला पंख शेवटाला एकदम वर वळतो आणि तिथे एक पातं उभं असतं. लांबून वीतभर दिसतं, प्रत्यक्षात त्याची उंची २.४ मीटर आहे, म्हणजे आपल्या घराच्या दारापेक्षा उंच. एअरबस त्याला शार्कलेट म्हणते, बाकी सगळे विंगलेट म्हणतात.

हे पातं कशासाठी, यावर आमच्याकडे बरीच मतं आहेत. शहापुरातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एका गृहस्थांनी ठासून सांगितलं होतं की वीज पडली तर ती तिथून उतरून जावी म्हणून. दुसऱ्याच्या मते ती कंपनीच्या जाहिरातीची पाटी. पाटीचा उपयोग होतो हे खरं, कारण खिडकीतून ढगांचा फोटो काढला की कंपनीचं नाव त्यात येतंच. विजेचं मात्र चुकलं. हवेतून जाताना अंगावर जमा होणारा विद्युतभार सोडायला पंखाच्या मागच्या कडेला काड्यांसारख्या बारीक वाती लावलेल्या असतात, त्या वेगळ्या.

माझं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. आम्ही हायड्रॉलिकचे जॉब करतो, विमानाचे नाही. पण हत्तरगीला एक्वसच्या एसईझेडमध्ये एअरबस आणि बोईंगसाठी सुटे भाग बनतात, तिथे ओळखीची पोरं कामाला आहेत, आणि विमानाचा विषय निघाला की आमच्याकडे चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो. तेव्हा भाच्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात पंखापासून. शाळेत एक गोष्ट सांगतात की पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, आणि खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोचायचं म्हणून ती जोरात पळते. ही गोष्ट चुकीची आहे. वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी पोचायचं असा करार कुणी केलेला नाही. वरची हवा खरोखरच जोरात जाते, इतकी की खालच्या हवेच्या आधी पोचते. सरळ सांगायचं तर पंख किंचित तिरका धरलेला असतो आणि त्याचा आकार असा असतो की त्याच्यावरून जाणारी हवा खाली वळते. पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर लोटते. त्याचवेळी पंखाच्या खाली दाब जास्त असतो आणि वर कमी. ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत.

आता पंखाच्या टोकाला काय होतं बघा. खानापूरकडे गेलात की डोंगरउतारावर भाताची खाचरं पायरीपायरीने उतरलेली दिसतात. वरच्या खाचरात पाणी जास्त, खालच्यात कमी, मध्ये बांध. बांध दोन्ही बाजूंना नीट जोडलेला असला तर पाणी थांबतं. पण त्याचं एक टोक उघडं राहिलं तर पाणी त्या टोकाला वळसा घालून खाली जातं, आणि जाताना भोवरा करतं. विमानाचा पंख हा दोन्ही टोकं उघडी असलेला बांध आहे. खालची जास्त दाबाची हवा टोकाला वळसा घालून वरच्या कमी दाबाकडे धावते. विमान तेवढ्यात पुढे गेलेलं असतं, म्हणून वळसा पुरा होत नाही, त्याची पिळदार दोरी होते. प्रत्येक पंखामागे अशी एक दोरी सुटते. विमान गेलं तरी ती मागे हवेत काही मिनिटं फिरत राहते.

बांधाची ही उपमा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते आणि बहुतेक ठिकाणी लेख इथेच थांबतो. टोकातून हवा गळते, पातं लावलं की गळती बंद, इंधन वाचलं. ऐकायला बरं वाटतं, पण यात एक खोट आहे. गळती पूर्ण बंद होतच नाही. पंखाने भार उचलला की भोवरा आलाच, त्यातून सुटका नाही. शिवाय टोकाला हवा फिरली तर इंजिनाला त्याचा भुर्दंड का, हे बांधाच्या उपमेतून कळत नाही. ते समजायला त्याच खाचरात, पण चिखलात उतरायला हवं.

चिखलणी झालेल्या खाचरातून तुम्ही चालला आहात. पाऊल टाकलं की चिखल खाली दबतो. म्हणजे तुम्ही सपाटीवर चालताय असं दिसलं तरी प्रत्येक पावलाला स्वतःला खड्ड्यातून वर काढताय. दिवसभर चढ चढल्यासारखे पाय भरून येतात. विमानाचं तेच होतं. ते ज्या हवेवर टेकून चाललंय ती हवा त्याच्याच भाराने खाली जात असते, टोकाचे भोवरे तिला आणखी खाली रेटतात. खाली बसणाऱ्या हवेत उंची राखायची म्हणजे कायम बारीकसा चढ चढायचा. पंखाला मिळणारा वरचा आधार त्यामुळे सरळ वर न राहता किंचित मागे कलतो, आणि तो मागे कललेला हिस्सा म्हणजे विमानाला मागे ओढणारी शक्ती. भार उचलण्याची ही किंमत. इंजिनिअर तिला प्रेरित अवरोध म्हणतात. आपण तिला चिखलाची ओढ म्हणू.

ही ओढ हवेच्या नेहमीच्या घासण्यापेक्षा वेगळी. बाइकवर छातीवर येणारा वारा वेग वाढेल तसा वाढत जातो. चिखलाची ओढ उलटी वागते, वेग वाढला की कमी होते. कारण सोपं आहे. जोरात जाणारं विमान एका सेकंदात जास्त हवेवरून जातं, त्यामुळे प्रत्येक हिश्श्याला कमी दाबलं तरी चालतं. म्हणून उड्डाणानंतर चढताना, विमान जड आणि हळू असताना ही ओढ सगळ्यात जास्त असते. तेव्हा एकूण विरोधातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तिचा असू शकतो. वर जाऊन विमान सरळ लागलं तरी ती साधारण ४० टक्के उरतेच.

चिखलात कमी बुडायला आपण काय करतो? फळी टाकतो. भार मोठ्या जागेवर पसरला की प्रत्येक ठिकाणचा चिखल कमी दबतो. विमानासाठी फळी म्हणजे लांब पंख. यामागचा हिशेब मला फार आवडतो, आणि तो दोन ओळींत होतो. विमानाला वर धरायला ठरावीक रेटा लागतो. हा रेटा हवेचं वजन गुणिले तिला दिलेला वेग. समजा १० माप हवेला १० च्या वेगाने खाली लोटलं, गुणाकार १००. २० माप हवेला ५ च्या वेगाने लोटलं तरी गुणाकार १००, म्हणजे विमान तसंच वर राहतं. पण खर्च होणारी ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. पहिल्या वेळी ५००, दुसऱ्या वेळी २५०. काम तेच, खर्च निम्मा. म्हणजे थोड्या हवेला दणका देण्यापेक्षा भरपूर हवेला हलकेच दाबणं स्वस्त पडतं.

आणि पंख किती हवा हाताळतो? ढोबळमानाने, ज्याचा व्यास पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीएवढा आहे अशा गोल नळातली. व्यास दुप्पट झाला की नळाचं क्षेत्रफळ चौपट. म्हणून वजन आणि वेग तोच ठेवून पंखांची लांबी दुप्पट केली तर चिखलाची ओढ एक चतुर्थांश होते. नुसती पाच टक्के लांबी वाढवली तरी ओढ नऊ-दहा टक्क्यांनी उतरते. समुद्रावर तासन्‌तास पंख न हलवता तरंगणाऱ्या मोठ्या अल्बाट्रॉस पक्ष्याचे पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत भरतात आणि रुंदीला पट्टीसारखे अरुंद असतात, ते याच हिशेबाने.

मग पंख लांब करा आणि विषय संपवा. पातं कशाला उभं करायचं?

इथे दोन अडचणी येतात. पहिली ताकदीची. भरलेली बादली शरीराजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, खांद्याला काय होतं ते कळेल. पंखाच्या टोकाजवळचा आधार जितका लांब, तितका पंख बुंध्याशी, म्हणजे विमानाच्या पोटाला जोडलेला असतो तिथे, जास्त वाकू बघतो. तो वाकू नये म्हणून आतली बांधणी जाड करायची, म्हणजे वजन वाढलं, म्हणजे चिखलात आणखी बुडालो. एका ठिकाणी वाचवलेलं दुसरीकडे जातं.

दुसरी अडचण जास्त घरगुती आहे. विमान कुठेतरी उभं करायचं असतं.

विमानतळावर विमान लावायच्या जागा पंखांच्या लांबीप्रमाणे वर्गवारी करून आखलेल्या असतात. मधल्या आकाराच्या विमानांच्या वर्गाची हद्द ३६ मीटर. त्याच्या आत असाल तर जगभरात हजारो जागा तुमच्या. हातभर जरी बाहेर गेलात तर पुढच्या वर्गात, जिथे जागा कमी. आता हे आकडे बघा. जुन्या ए-३२० विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३४.१ मीटर. शार्कलेट लावलेल्या विमानाचे ३५.८. तिकडे बोईंगचं ७३७-८००, विंगलेटसकट तेही ३५.८ च्या आसपास. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या कट्टर वैरी, पण दोघींनी आपापला पंख ३६ च्या बांधाला अगदी चिकटवून आणून थांबवला आहे. अशी टाचून केलेली मापं आपल्याकडे फक्त गल्लीतल्या घरांची असतात.

शहापूर-वडगावात जुन्या गल्ल्यांमधली घरं बघितली असतील. समोर रस्ता, दोन्ही बाजूंना शेजारी, भिंतीला भिंत लागलेली. थोरल्याचं लग्न ठरलं, खोली हवी. आडवं वाढायला वाव नाही, मग माणूस काय करतो? माळा चढवतो. विंगलेट म्हणजे पंखाला चढवलेला माळा. पंख लांबवायचा होता, आडवी जागा नव्हती, म्हणून उरलेली लांबी वर वळवली. माळ्याची खोली खालच्या खोलीइतकी ऐसपैस नसते, तसंच इथेही. उभ्या पात्याची जितकी उंची, त्याच्या निम्म्याच्या आसपास आडव्या लांबीइतका फायदा मिळतो. जागा असती तर आडवाच वाढवणं बरं होतं, हे कुणीही इंजिनिअर खाजगीत मान्य करील. बुंध्यावरचा ताण मात्र उभ्या पात्याने तेवढा वाढत नाही, ही त्याची जमेची बाजू.

ही माळ्याची गोष्ट मी उगाच जुळवलेली नाही, याचा पुरावा ग्लायडरच्या शर्यतींत मिळतो. बिनइंजिनाच्या या विमानांचा एक वर्ग आहे, त्यात पंखांची लांबी १५ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिथे ज्याच्या त्याच्या पंखाला विंगलेट दिसतात. आणि जिथे जागा मिळाली तिथे उलट झालं. बोईंग ७८७ चे पंख जवळपास ६० मीटरचे, त्याच्या वर्गाची हद्द ६५. वाव होता, म्हणून त्यांनी पात्यं उभी केलीच नाहीत, टोकं विळ्यासारखी मागे वळवून निमुळती केली आणि लांबी आडवीच ठेवली. २०२० साली पहिल्यांदा उडालेल्या ७७७-एक्सचा हट्ट तर याहून मोठा. उडताना ७१.७५ मीटर, जमिनीवर आल्यावर पंखांची टोकं बिजागरीवर वर दुमडतात आणि ते ६४.८५ मीटरमध्ये बसतं. चिंचोळ्या दारातून आत येताना आपण छत्री मिटतो तसं.

कल्पना काही आजची नाही. राइट बंधूंचं विमान उडालं १९०३ साली. त्याआधी सहा वर्षं, १८९७ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने पंखांच्या टोकांना उभ्या पट्ट्या लावण्याचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. विमान नाही आणि पेटंट आहे! पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल आणि त्याच्या शिष्यांनी वर सांगितलेला सगळा हिशेब गणितात बसवला. पण नुसत्या सपाट पट्ट्या लावून पाहिल्या तेव्हा हाती फारसं लागलं नाही. पट्टीवर घासणाऱ्या हवेचा विरोध आणि तिचं वजन मिळून कमाई खाऊन टाकत होते.

ही कोंडी फोडली रिचर्ड व्हिटकम्ब या नासाच्या माणसाने. १९७३ च्या तेलसंकटात इंधनाचे भाव भडकले आणि अचानक प्रत्येक टक्क्याला किंमत आली. व्हिटकम्बचं म्हणणं असं की ती पट्टी समजू नका, तो एक छोटा पंख समजा आणि पंखासारखाच घडवा. १९७६ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं, आणि पुढे १९७९-८० मध्ये अमेरिकी हवाईदलाच्या केसी-१३५ या टँकर विमानाला अशी पाती बसवून चाचण्या झाल्या. इंधनात साडेसहा टक्क्यांपर्यंत फायदा दिसला. १९८९ पासून बोईंग ७४७-४०० ही पाती घेऊन प्रवाशांना नेऊ लागलं.

छोटा पंख म्हणण्यात गंमत काय, ती सांगतो. टोकाशी खालून वर येणारी हवा पंखाच्या वरच्या अंगाला आत, पोटाच्या दिशेने वळते. म्हणजे उभ्या पात्यावर हवा नुसती समोरून येत नाही, बाहेरून आत अशी तिरकी येते. पात्याला नेमकी तिरीप दिली तर ते या तिरक्या हवेवर स्वतःचा आधार तयार करतं, आणि तो आधार मुख्यतः आतल्या बाजूला पण थोडा पुढे झुकलेला असतो. त्या थोड्या पुढच्या ओढीने विमानाला मदत होते. शिडाची होडी वारा आडवा असतानाही पुढे जाते, तीच युक्ती. जो भोवरा वाया जाणार होता त्याच्याच तेलावर ही पणती पेटते म्हणा ना.

पण तिरीप नेमकी हवी. चक्रीवर जॉब लावताना कोन अर्धा अंश हलला तर काय होतं ते आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा. इथे तर पातं किती बाहेर झुकवायचं, किती पिळायचं, बुंध्याशी कोपरा किती गोल ठेवायचा, सगळ्याचा परिणाम होतो. पंख आणि पातं काटकोनात जुळले तर त्या कोपऱ्यात हवा अडखळते. म्हणून नंतरच्या विमानांत तो सांधा काटकोनी न ठेवता हळूहळू वर चढत गेलेला दिसतो. ७३७ ची अशी गोलाईची विंगलेट २००१ पासून प्रवासी विमानांवर आली. लांबच्या पल्ल्याला तीन ते पाच टक्के इंधन वाचतं, शार्कलेटचा दावा चार टक्क्यांपर्यंतचा आहे. चार टक्के ऐकून नाक मुरडू नका. आपल्या दुधाच्या व्यवसायात चार टक्के फॅटवर भांडणं होतात, आणि इथे तर प्रत्येक फेरीला काही टन इंधन जळत असतं, वर्षाकाठी हजारो फेऱ्या.

भाच्याला हे सगळं ऐकून पटलं नाही. डोळ्यांनी दाखवा म्हणाला. म्हणून दुसऱ्या रविवारी शॉपमध्ये खटपट केली. टेबल फॅन लावला, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा आडवा, किंचित तिरका धरला आणि टोकाला लोकरीचा धागा डकवला. धागा भिरभिरला, पण मध्यभागी लावलेला धागाही तसाच भिरभिरत होता. घोळ लक्षात यायला वेळ लागला. फॅनची हवा स्वतःच गिरक्या घेत येते. मग लस्सीवाल्याकडून स्ट्रॉचे दोन गठ्ठे आणले, कापून बोटभर तुकडे केले, खोक्यात उभे-आडवे न होता एका दिशेला ठासून भरले आणि ते खोकं फॅनसमोर ठेवलं. हवेचे पीळ त्या नळ्यांत मरतात. विमानांची चाचणी घ्यायला ज्यांत वारा सोडतात त्या मोठ्या वातबोगद्यांतही हवा सरळ करायला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, आमचं त्याचंच गरीब भावंड. आता मधला धागा सरळ मागे गेला, जरा थरथरला तेवढंच. आणि टोकाचा धागा गोल, एकाच दिशेला, चक्क ड्रिलसारखा फिरत राहिला. पुठ्ठ्याची तिरीप कमी केली की फिरणं मंदावे, सपाट केला की थांबे. भार नाही तर भोवरा नाही. पोरगं अर्धा तास तेच करत बसलं.

पुठ्ठ्याचं टोक वर दुमडून पाहिलं तेव्हा धाग्याचं फिरणं ढिलं झालं, पण गेलं नाही. आमच्या पुठ्ठ्यावर मोजमाप करण्यात अर्थ नव्हता, पण गळती बंद होते म्हणणाऱ्यांना दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

पक्ष्यांकडे या दुखण्यावर वेगळं औषध आहे. मटण मार्केटवर घिरट्या घालणारी घार जरा बघा. पंखांच्या टोकाची पिसं हाताची बोटं फाकवावीत तशी सुटी असतात, आणि एकाखाली एक अशी पायरीपायरीने वर वळलेली. एका मोठ्या भोवऱ्याऐवजी प्रत्येक पिसाचा छोटा भोवरा होतो, ते उंचीत विभागले जातात आणि ओढ कमी पडते. अमेरिकेतल्या व्हान्स टकर या प्राणिशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात शिक्षण दिलेल्या ससाण्यासारख्या एका पक्ष्याला वातबोगद्यात उडवून हे तपासलं. ती टोकाची पिसं कातरल्यावर विरोध वाढला. अल्बाट्रॉसला समुद्रावर जागाच जागा, त्याने पंख लांबवले. घारीला झाडाझुडपांत, तारांमध्ये, गल्लीत उतरायचं असतं. तिनेही माळाच चढवला.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न. मग त्या एटीआरला का नाही? तो पंखा असलेला, हळू जाणारा, हळू जाणाऱ्याला तर चिखलाची ओढ जास्त. प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं की एटीआर-७२ कडे फळी आधीच पुरेशी लांब आहे. तिचे पंख २७ मीटर लांब आणि अगदी अरुंद, लांबी ही सरासरी रुंदीच्या बारा पट. ए-३२० मध्ये हेच प्रमाण साडेनऊच्या आसपास. शिवाय ३६ ची हद्द खूप लांब, त्यामुळे पंख हवा तसा आडवा ठेवता आला. मोकळ्या प्लॉटवर घर बांधणारा माळा कशाला चढवील? वर तिचे पल्ले छोटे. तास-सव्वा तासाच्या प्रवासात वाचून वाचणार किती, आणि पात्याचं वजन मात्र रोज वाहायचं. आपण बेळगावकर जिला जवळची मानतो त्या स्टार एअरकडे दोन जातींची एम्ब्रेअर विमानं आहेत. ५० आसनी १४५ ला पाती नाहीत, मोठ्या १७५ ला आहेत. १४५ चाच लांब पल्ल्याचा एक भाऊ आहे, एक्सआर म्हणून, त्याला मात्र कंपनीने पाती बसवली. पल्ला वाढला की हिशेब पालटतो.

भोवऱ्यांचा उपद्रव इंधनापुरताच नाही. मोठ्या विमानामागच्या त्या दोऱ्या हळूहळू खाली बसत जातात, आणि मागून छोटं विमान त्यांत शिरलं तर ते कुशीवर लोळू शकतं. सांबऱ्यावर प्रशिक्षणाची चिमुकली विमानंही फेऱ्या मारतात. एअरबस उडाल्यावर ती मागोमाग का सुटत नाहीत, उगाच दोन-तीन मिनिटं का खोळंबतात, असं कुंपणापाशी लोक विचारतात. ती हवा निवायची वाट बघत असतात. विंगलेटने हा धोका जात नाही, हेही लक्षात असू द्या, कारण भोवऱ्याचा जोर शेवटी विमानाच्या वजनावर ठरतो.

जुलैत परत गेलो. पाऊस नुकता थांबलेला, हवा ओलीचिंब, मुतग्याच्या बाजूला ढग जमिनीला टेकलेले. अशा हवेत भोवऱ्याच्या पोटातला दाब एकदम उतरतो, तिथली हवा गार पडते आणि वाफेचा धूर होतो. एअरबस चाकं काढून, पंखामागच्या हलत्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, खाली सोडून उतरायला आली. त्या फळीच्या बाहेरच्या कोपऱ्यातून एक पांढरी बारीक रेघ निघाली, पिळत पिळत मागे गेली आणि विरली. भाच्याने माझी बाही ओढली.

“मामा, लोकर!”